चारचा नळ

आले तेव्हा म्हटलं होतं, अकरा दिवस.
मग जबलपूर, तिथून रायपूर,
प्रत्येक गावी एक खोली, एक खिडकी,
आणि इंटरनेटचा वेग मालकाला आधीच विचारून ठेवलेला.
सॅकमध्ये ऑफिस. ऑफिसात टोरांटोतल्या लोकांचे दावे:
फुटलेले पाइप, भिजलेले गालिचे,
तळघरात तरंगणारी खोकी.

खोली मिळाली तांडापेठेत, वरच्या मजल्यावर.
खाली देवरावजी नंदनवार,
खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले.
गल्लीतला शेवटचा हातमाग, असं तेच सांगतात
आणि सांगताना आवाज चढवत नाहीत,
उतरवतही नाहीत.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, कसला आवाज?
म्हटलं, शेजारी बांधकाम चालू आहे.

मे महिना. दुपारचा रस्ता कुणाचाच नसतो.
दुपट्ट्यानं कान बांधून एकदा झीरो माइलला जाऊन आले.
चांदा, रायपूर, छिंदवाडा,
कोण किती लांब ते दगडावर कोरलेलं.
सावली मात्र दगडाची दगडालाच पुरेना.
पन्हं पिऊन परत.

देवरावजी म्हणाले,
तुमी त फिरायले आल्या नं बाई?
मंग फिरून काऊन नाही राह्यल्या?
म्हटलं, फिरतेय की. काल गोळीबार चौक,
आज त्याच्या पुढची गल्ली.
पोचसान मंग जबलपूरले, म्हणाले, चार-सा वर्सात.

टोरांटोत संध्याकाळी साडेसहाला
माणसं खुर्च्या मागे सारतात.
तेव्हा इथे पहाटेचे चार, आणि नळ येतो.
येतो म्हणजे आधी खोकतो,
मग नुसती हवा, मग तांबूस,
मग खरं पाणी, पाऊण तास.
पहिल्या रात्री गल्लीत मी एकटीच जागी.
खाली उतरून मैनाबाईंचं दार वाजवलं,
मग समोरच्या परात्यांचं, मग भीत भीत
कोपऱ्यावरच्या हेडाऊंचं, ज्यांचा कुत्रा ओळखीचा नव्हता.

आता गल्लीत कुणी गजर लावत नाही.
पोरीचं हापिस सुटलं का, झोपेतच विचारतात.
सात दारं.
कुण्या बाईंचं तळघर बुडालं, नुकसान एवढे एवढे डॉलर,
त्यावर मंजुरीचा शिक्का मारून मी खाली येते
आणि हेडाऊंच्या कूलरमध्ये पाइप धरून उभी राहते.
वाळा भिजतो. कुत्रा पायाशी येऊन बसतो.
एकही थेंब बाहेर सांडू द्यायचा नाही,
हे हाताला आता कळतं.

एका गुरुवारी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं,
आज शांत आहे, बांधकाम संपलं वाटतं.
मी माइक चालू केला. म्हटलं,
नाही. लुगडं संपलं.
पलीकडे कुणाला काय कळलं कोण जाणे,
पुढचा मुद्दा घेतला त्यांनी.
नवा ताणा चढेपर्यंत दोन दिवस गेले,
त्या दोन दिवसांत माझे तीन दावे चुकले.

मग हिशोब करून पाहिला, ऑफिसच्याच कॅल्क्युलेटरवर.
सव्वा मीटरचा पन्हा,
इंचाला पन्नास आडवे धागे, लांबी नऊवार.
एका लुगड्यात धोटा वीस किलोमीटर चालतो.
खाली जाऊन सांगितलं.
देवरावजींनी धोटा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला,
जणू त्यानं हे इतकी वर्षं लपवलं होतं.
म्हंजे कन्हानचा पूल, म्हणाले.
मैनाबाई आतून म्हणाल्या,
अन् माणूस हा पानठेल्यापर्यंत जात नाही बाप्पा.

काल रात्री जबलपूरच्या खोलीमालकाचा मेसेज आला.
मॅडम, कब आ रहे हो?
तारीख तीनदा पुढे ढकललेली.
लिहिलं, निघालेय, वाटेत आहे.
पाठवलं. खोटं वाटलं नाही.

चार वाजायला सहा मिनिटं होती.
बादली घेऊन जिन्यात बसले.